जुनं शिसं

१

बोगद्यात केळं न्यायला बंदी होती. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. नव्वद साली मी तिथे लागलो आणि दुसऱ्याच दिवशी डब्याबरोबर दोन केळी घेऊन आत गेलो. प्रयोग चालवणाऱ्या नित्सुरे मॅडमनी यंत्राच्या कागदावरच्या तांबड्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हरिचंद्र, पिशवीत काय आहे?" मला वाटलं, बाईंचं नाक फार तिखट. पण ते काम नाकाचं नव्हतं, यंत्राचं होतं.

बदलापूरहून बारवीकडे जाताना डोंगराच्या पोटात तो बोगदा होता. धरणाच्या वेळी कोणीतरी खोदायला घेतला आणि दीडशे पावलांवर सोडून दिला. मुंबईच्या एका संस्थेने तो मागून घेतला आणि शेवटच्या टोकाला एक खोली बांधली. खोलीत शिशाच्या विटांची छातीभर उंचीची पेटी, पेटीच्या आत वाटीएवढा जर्मेनियमचा स्फटिक. अंबरनाथहून द्रव नायट्रोजन यायचा. रोज सकाळी नऊला तो भरून स्फटिक गार ठेवायचा, रेकॉर्डरचा कागद बदलायचा, पेनांत शाई घालायची आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम. आयटीआय झालेल्या माणसाला यापेक्षा सोपी नोकरी मिळायची नाही. माझा बाप उन्हात मीठ ओढून म्हातारा झाला. मी मात्र सावलीत बसून पगार घेत होतो, आणि त्याची मला घमेंडही होती.

कागदावर दोन पेनं चालायची. निळं पेन आतल्या स्फटिकाचं आणि तांबडं पेटीबाहेर बसवलेल्या, खोलीतली किरणं टिपणाऱ्या पाट्यांचं. माणसाच्या अंगात पोटॅशियम असतं, केळ्यातही असतं, आणि त्यातून अगदी बारीक किरणं सुटत असतात. एक माणूस खोलीत आला की तांबडी रेघ एक घर वर चढायची, दोन आले की दोन घरं. खोली रिकामी असली की रेघ तळाला. मॅडम सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कागद बघून सांगायच्या, "काल अकरा वाजता सखा आत येऊन बसला होता. पंख्याखाली." सखा म्हणजे फाटकावरचा आमचा ठाकर राखणदार. तो मॅडमना देवऋषी समजायचा.

निळं पेन कशासाठी, ते मॅडमनी मला एकदाच सांगितलं. "आकाशगंगा ज्या जोराने फिरतात ना, त्या जोराने त्या फुटून जायला हव्यात. नुसत्या ताऱ्यांचं वजन त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. म्हणजे अजून काहीतरी आहे. ते दिसत नाही, उजेड देत नाही, भिंतीला अडत नाही. फक्त त्याचं वजन आहे. तिकडे युरोपात कण एकमेकांवर आपटून ते तयार करता येतं का बघताहेत. आपण इथे गप्प बसून वाट बघायची. कधीतरी त्यातला एखादा कण स्फटिकाला धक्का देईल."

"आणि दिलाच नाही तर?"

"तर नाही दिला, असं छापायचं."

२

अडचण शिशाची होती. नव्या शिशात स्वतःचीच थोडी किरणं असतात, ती विझायला शंभर-दीडशे वर्षं लागतात. म्हणून आतल्या थराला जुनं शिसं हवं होतं. उल्हासनगरला भंगारवाल्या लखूमलशेठकडे गेलो तर त्याने बॅटऱ्यांचा ढीग दाखवला. "पुराना चाहिए? साईं, ये सब पुराना ही है. छह-छह महिने पुराना!" हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

मग मलाच सुचलं. आम्ही आगरी. मिठागर आणि खाडी हेच आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं. प्रत्येक जुन्या घरात पाग असतो, हाताने फेकायचं जाळं, आणि त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या. जाळं कुजलं की नवं विणतात, गोळ्या मात्र पणजोबाच्याच राहतात. मी नव्या गोळ्या देऊन जुन्या गोळा करत गावोगाव फिरलो. कुळगावच्या चंदू ओताऱ्याने त्यांच्या विटा ओतल्या. चोवीस लागत होत्या, तेवीस झाल्या.

मार्चमध्ये दिल्लीची समिती येणार होती. मॅडम म्हणाल्या, "तेवढा थर पुरा झाला तर तुमची ऑर्डर पक्की करून घेते." दोन वर्षं मी रोजंदारीवर होतो.

चोविसावी वीट आमच्याच घरात होती. हेंद्रेपाड्याला, काशीवहिनीच्या खाटेखाली, तांब्याच्या घागरीत.

३

मधुदादा, माझा भाऊ आणि काशीवहिनीचा नवरा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एक्याऐंशीच्या जानेवारीत उल्हास नदीच्या डोहात आमचा पाग अडकला आणि तो सोडवायला दादा खाली गेला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, अंगाने सडपातळ, पण चिवट. आमची रीत अशी की बुडी मारणाऱ्याच्या कंबरेला दोरी बांधायची आणि तिचं दुसरं टोक काठावरच्याने धरायचं. पाण्यातून बोलता येत नाही, म्हणून झटके द्यायचे. खालच्याने दिला एक झटका, तर थांब. दोन, तर दोरी सोड. तीन, तर ओढ. वरच्यानेही तेच झटके द्यायचे: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे सोडतोय, तीन म्हणजे ओढतोय. पाढ्यांच्या आधी आम्ही हे शिकतो.

काठावर दोरी माझ्या हातात होती.

दादा वर आला नाही. दोरी ओढून काढली तेव्हा टोकाला कंबरेएवढा फास होता. दोरी तुटली नव्हती, गाठही सुटली नव्हती. रिकाम्या फासातून पाणी गळत होतं. गावाने चार दिवस डोह ढवळला. पाग मिळाला, दादा नाही. सगळ्यांनी मला विचारलं, किती झटके आले? मी म्हटलं, "एकपण नाय." वहिनीने तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा मी तेच म्हटलं.

ज्या पागावर माणूस जातो तो पाग जाळायचा आणि त्याचं शिसं त्याच पाण्यात सोडायचं, अशी आमच्यात चाल आहे. का, ते कोणी सांगत नाही. उलटी पडलेली चप्पल सरळ करतात तसंच हे. वहिनीने पाग जाळू दिला, पण शिसं दिलं नाही. "हे गावले की दीन," म्हणाली, म्हणजे दादा सापडला की देईन. अकरा वर्षं तिने कुंकू पुसलं नाही. लोक वाटेल ते बोलले. तोंडाला हात कोण लावणार?

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत मी तिच्यासमोर बसलो. "वहिनी, आता पुरे. दादाला मोकळा कर." हे मी अगदी खोटं बोललो असं नाही. तिची दशा बघवत नव्हती. पण डोक्यात चोविसावी वीटही होती. तिने खाटेखालची घागर पुढे ओढली. मग म्हणाली, "तुमच्याच हातानं सोडा, भावजी. दोरी तुमच्याच हातान व्हती."

दर्भाचा पुतळा करून नदीवर क्रिया झाली. तिच्या बांगड्या फुटल्या. मी घागर घेऊन डोहात कंबरभर पाण्यात उतरलो आणि ती पालथी केली. काठावर सगळ्यांना आवाज ऐकू गेला. घागरीत खडी होती. शिसं आदल्या दिवशीच चंदूकडे पोचलं होतं.

४

वीट बसवली आणि मॅडम आणि मी आपापल्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद उलगडला. आदल्या संध्याकाळी सहापासून खोलीला कुलूप होतं, आणि तांबडी रेघ तळाला नव्हती. पूर्ण लांबीभर एक घर वर चालत आली होती, अजिबात न हलता. ज्या जागी मी दार उघडलं, तिथे ती दोन घरांवर गेली होती.

मी बाहेर गेलो, आत आलो. एक, दोन. सखाला बोलावलं. तीन. सखा म्हणाला, "मी काय खाल्लं नाय हरीभाऊ, आईच्यान."

मॅडमनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुमची शेवटची वीट घाण आहे, हरिचंद्र. नवं शिसं मिसळलंत का?" चोरी करून वर हे ऐकायचं! वीट मुंबईला तपासायला गेली. आठ दिवस तिच्या जागी पोकळी होती आणि आठही दिवस तांबडी रेघ एक घरावरच होती. विटेचा रिपोर्ट आला. चोवीस विटांत सगळ्यात स्वच्छ तीच. ती परत जागेवर बसवली. मॅडमनी पाट्या बदलल्या, तारा बदलल्या, रेकॉर्डर बदलला. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गंमत अशी की हे पोटॅशियमच आहे. साठेक किलोचा, तिशीच्या आतबाहेरचा पुरुष उभा असावा एवढं."

"मग आता?"

"आता काय? वजा करायचं. रोज एक वजा करायचा आणि पुढे जायचं."

समिती आली तेव्हा खोलीत आम्ही सात जण होतो. रेघ आठावर होती. कोणी माणसं मोजली नाहीत. एप्रिलच्या एक तारखेला माझी ऑर्डर पक्की झाली, आणि मी पेढे वाटले.

५

खोलीत एकटं बसणं मला आधी आवडायचं. पंख्याची घरघर, नायट्रोजनचा फुस्कार, पेनांची खरखर, एवढेच आवाज. आता मी खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवायला लागलो. काही दिसत नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. गारवा नाही, वास नाही, सावली नाही. मी स्वतःला समजावायचो की घाबरायला काहीतरी कारण तर पाहिजे. एक रेघ एक घर वर आहे, एवढंच तर झालंय. पण स्टूल सरकवताना मी वाट देऊन सरकवायला लागलो होतो. एकदा चहा ओतताना दुसरा कप पुढे घेतला. हात माझाच होता आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सात एप्रिलला, सकाळी साडेदहाला, निळं पेन हललं. महिन्यात एखाद्या वेळी हलायचं ते. टक. एक उभी रेघ. लगेच दुसरी. मी उठून कागदाशी गेलो. कागद सरकत होता, निळी रेघ सपाट चालली होती, आणि बऱ्याच वेळाने तिसरी आली.

मॅडम म्हणाल्या, "खरा कण असा ओळीने येत नाही. टेबलाला धक्का लागला असेल." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. दोन रेघा, मोकळी जागा, तिसरी रेघ. ती मोकळी जागा मी पट्टीने मोजली. दर वेळी तेवढीच, सव्वा मिनिटाची.

मला मोजायची गरज नव्हती. ती जागा मला ठाऊक होती. जगात दोघांनाच ठाऊक होती.

आता सांगतो. झटके आले होते. आधी दोन. दोन म्हणजे सोड, म्हणून मी दोरी सैल केली, हातातून जाऊ दिली. बरीच गेली. मग तिसरा आला. त्याच्यात जीव नव्हता, पण आला. ते तीन होते की दोन आणि एक, हे मला कळेना, आणि ते ठरवत मी काठावर उभा राहिलो. ओढायला लागलो तेव्हा दोरीला काही वजनच नव्हतं.

मी भ्यालो. घरी आलो आणि म्हणालो, एकपण नाही. आणि एकदा म्हटल्यावर अकरा वर्षं तेच म्हणत आलो.

६

एप्रिल संपत आला होता. सकाळचे दहा वाजले असतील. सखा बोगद्यात ओरडत आला, "हरीभाऊ, बाई आलीया. तुमची वहिनी म्हंते."

काशीवहिनी एसटीतून उतरून उन्हातून चालत आली होती. पदराने तोंड पुसून ती शांतपणे म्हणाली, "चंदूची बायको बाजारान भेटली. बोलली, तुमच्या शिशाची वीट लय झकास झाली. कुठं हाय ती?"

वेड घेऊन पेडगावला जायची ही वेळ नव्हती. मी तिला आत नेलं. वाटेत बडबडत होतो: पक्की नोकरी, पेन्शन, शिसं काय, शेवटी धातूच की, मी घरातला एकटा कमावता. खोलीत शिरताच मी सवयीने कागदाकडे बघितलं. तीन.

ती विटांच्या पेटीला एक फेरी मारून डाव्या बाजूला थांबली आणि तळहात टेकवला. बाहेरच्या सगळ्या विटा सारख्याच होत्या. पण चोविसावी बरोबर त्याच्याच मागे होती, आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"शिसं राहू द्या," ती म्हणाली. "मना एक सांगा. किती झटके आले व्हते?"

एकपण नाय, असं म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होते.

टक.

वहिनीने मान वळवली. निळं पेन तिने जन्मात बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "एक."

टक.

"दोन."

मग काही नाही. पंखा फिरत होता. कागद सरकत होता. मला बोलता आलं असतं, सव्वा मिनिट काही थोडं नसतं. वहिनी पेनाकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. मीही बघितलं. माझ्या मुठी आवळलेल्या होत्या, एकीपुढे एक, दोरी धरावी तशा. आणि त्या हळूहळू उघडत चालल्या होत्या. मी त्या उघडत नव्हतो.

टक.

"तीन," ती म्हणाली. "तीन व्हते, भावजी."

"तीन व्हते," मी म्हणालो. "दोनावर मी सोडली, वहिनी. तिसरा मंग आला."

"बोलला का नाय?"

"भ्यालो."

ती मारेल, रडेल, शिव्या देईल असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मी तिचे पाय धरले असते. तिने फक्त पदर डोक्यावरून नीट घेतला आणि म्हणाली, "चला."

मी दाराकडे निघालो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती पेटीच्या डावीकडे बघत होती, माझ्यापासून चार हातांवर, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. वहिनी दादाला कधी नावाने हाक मारत नसे. बाजाराला, लग्नाला, देवाला निघताना उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणायची, चला.

मी तिथेच खाली बसलो.

"वीट?" मी विचारलं.

"ती तुमाला ऱ्हाऊ दे."

७

तिची पावलं बोगद्यात लांब जाईपर्यंत मी कागद बघत होतो. तांबडी रेघ उतरली. तीनावरून दोनावर थांबली नाही, थेट एकावर आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत मी एकटा होतो.

मी बोगद्याच्या तोंडाशी धावलो. बाहेर लख्ख ऊन होतं. फाटकाशी सखाने वहिनीसाठी दार उघडून धरलं होतं. ती बाहेर पडली. सखा तसाच दार धरून उभा राहिला, थोडा मागे सरकला, मान जरा खाली घातली, आणि मग त्याने दार लावलं. मी त्याला कधीही विचारलं नाही. त्यालाही आपण काय केलं ते कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने पुन्हा कुंकू लावलं. गावात कुजबुज झाली. घरात कोणी विचारलं नाही, मी तर नाहीच.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सकाळचं. फाटक लागल्यावर मी परत आत आलो, कारण नऊचा नायट्रोजन त्या दिवशी उशिरा आला होता आणि भरायचा राहिला होता. रेघ एकावर आली. बरोबर होतं, तो एक मी. मला हायसं वाटलं. खरं सांगतो, अकरा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. सुटलो, असं मी मोठ्याने म्हणालो.

तेव्हा निळं पेन हललं. टक. एक रेघ.

मी दुसरीची वाट बघितली. कागद सरकत राहिला. आणि माझ्या ध्यानात आलं की डोंगराच्या पोटात, दीडशे पावलं खाली मी आहे, आणि वर उजेडात, काठावर, ते दोघं आहेत. मी कंबरेला हात लावला. शर्ट होता, पट्टा होता, बाकी काही नव्हतं. तरी फासासारखं काहीतरी घट्ट झालं होतं.

आज सहा वर्षं झाली. प्रयोग गेल्या साली बंद पडला. धक्का मिळाला नाही, असं मॅडमनी छापलं. यंत्रं मुंबईला गेली, तेवीस विटाही गेल्या. बंद बोगद्याची देखभाल माझ्याकडे आहे, नोकरी पक्की आहे. घरी वहिनी मला वेळेवर वाढते, भावजी म्हणते, तोंड फिरवत नाही. सकाळी उठताना, वाकताना, कंबरेपाशी एकदा ताण येतो आणि तसाच राहतो.

एक म्हणजे थांब. मी थांबलो आहे. वरच्याने तीन दिले तर ओढतोय, दोन दिले तर सोडतोय. पण तीनही दोनपासूनच सुरू होतात, आणि दुसरा आल्यावर किती वेळ थांबायचं असतं ते मला कोणी शिकवलं नाही.